मॅपची इमेज प्रिंटला फाटते, फोनवर नावं वाचता येत नाहीत? या क्रमाने तपासा

ठाण्यात नौपाड्यात माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, मंडळांचे फ्लेक्स, क्लासेसची पत्रकं असं सगळं करतो. लग्नसराईत आणि गणपतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत एक तक्रार हमखास येते, "दादा, फोनवर मॅप एकदम क्लिअर दिसत होता, छापल्यावर असा का आला?" हे इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता फाइल उघडली की बहुतेक वेळा कारण लगेच सापडतं. ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण यातल्या निम्म्या गोष्टी घरबसल्या पाच मिनिटांत फुकट होण्यासारख्या आहेत आणि त्यासाठी कुणी पुन्हा छपाईचा खर्च करावा असं मला वाटत नाही.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते

इमेज फाटलीय, म्हणजे रेघांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि अक्षरं पसरलेली आहेत. किंवा फाटलेली अजिबात नाही, एकदम शार्प आहे, पण रस्त्यांची नावं मुंगीएवढी झालीत. (या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, उपायही वेगळे आहेत, आणि लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात.) अक्षरांभोवती मळकट ठिपके दिसतात. झेरॉक्स काढली की गल्ल्या गायब होतात. मॅपमध्ये मधेच राखाडी चौकोन आलाय. मराठी नावं मोडलीत, वेलांटी एकीकडे आणि रफार भलतीकडे. "१ सेमी = १०० मीटर" लिहिलंय पण पट्टी लावली तर जुळत नाही. आणि शेवटचं, प्रोग्राममधून मॅप मागवला तर नुसता निळा चौकोन येतो.

१. फाइल तुमच्याकडे कशी आली?

सगळ्यात सोपी आणि फुकट तपासणी हीच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली इमेज दाबून बारीक केली जाते. एकाने दुसऱ्याला, त्याने फॅमिली ग्रुपवर, तिथून कुणी स्क्रीनशॉट काढून मला, असं होत होत माझ्यापर्यंत येते तेव्हा मूळ इमेजमधलं फारसं काही उरलेलं नसतं. जो मूळ मालक आहे त्याला सांगा की अटॅच करताना डॉक्युमेंट निवडून पाठव, मग फाइल आहे तशी येते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, तो नेहमीच्या फोटोपेक्षा बरा, पण प्रिंटसाठी डॉक्युमेंटच. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच केसेस इथेच संपतात.

२. स्क्रीनशॉट काढताना स्क्रीनवर काय काय चालू होतं?

ट्रॅफिक लेअर बंद होता का बघा. कापूरबावडी आणि माजिवड्याला संध्याकाळी सात वाजता काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अर्धा मॅप लाल असतो, आणि तो त्या एका संध्याकाळचा ट्रॅफिक तुमच्या पत्रिकेवर कायमचा छापला जातो, शिवाय त्या लाल रेघेखाली रस्त्याचं नाव झाकलं जातं ते वेगळंच. रात्री काढला असेल तर डार्क मोड असतो, काळा मॅप प्रिंटला शाई भरपूर खातो आणि बारीक पांढरी अक्षरं शाईत बुजतात. आणि राखाडी चौकोन आलाय त्याचं कारण एवढंच की मॅप तुकड्यातुकड्याने लोड होतो (साधारणपणे २५६ बाय २५६ पिक्सेलचा एक तुकडा), नेट स्लो असेल तर एखादा तुकडा यायचा राहतो. सगळं लोड होऊ द्या, दहा सेकंद थांबा, मग काढा.

पिन बरोबर जागी आहे का हेही आत्ताच बघून घ्या. नवी मुंबईत हा घोळ फार होतो. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरूळला आहे, बेलापूरला आहे आणि ऐरोलीलाही आहे, नुसतं "सेक्टर १५" टाकून जो पहिला आला तो घेतला तर पाहुणे भलत्याच स्टेशनला उतरतील. ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लायओव्हर आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी आहेत, तिथे पिन दहा मीटर इकडेतिकडे झाली तरी माणूस वरून पुढे निघून जातो.

३. पिक्सेल मोजा, सेंटिमीटरशी ताडून बघा

आता इथे जरा थांबून वाचा, कारण निम्मा आजार इथेच आहे. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये दिसते. फोनवर गॅलरीत फोटो वर सरकवला की दिसते. चांगल्या प्रिंटला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे एका सेंटिमीटरला ११८. मी एवढा एकच आकडा लक्षात ठेवतो. छापायची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणिले ११८, तेवढे पिक्सेल हवेत. पत्रिकेवर ९ सेमीचा मॅप असेल तर १०६२, पूर्ण ए४ भरायचा असेल तर २४८० बाय ३५०८. त्याच्या अर्धे असले तरी नोटीस बोर्डाला चालून जातं, त्याच्या खाली गेलात की फाटणार. फ्लेक्सला एवढं लागत नाही, तो लांबून बघतात, ६ बाय ४ फुटाच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) धरले तरी चालतात, पण तेसुद्धा ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल होतात, ते फोनच्या स्क्रीनशॉटमध्ये कुठून असणार.

मागे एक काका आले होते, दुसरीकडून छापून झालेल्या ४०० पत्रिका घेऊन. घोडबंदर रोडवरचा हॉल, पाटलीपाड्याच्या फ्लायओव्हरवर न चढता खालून सर्व्हिस रोडला लागायचं होतं. मॅपमध्ये फ्लायओव्हर आणि सर्व्हिस रोड एकमेकांत मिसळून एकच जाड पिवळी रेघ झाली होती आणि हॉलचं नाव म्हणजे एक राखाडी डाग. भिंग लावून बघितलं, "वि" आहे की "नि" आहे ते सांगता येईना. त्यांच्याकडची फाइल मागवली तर ती ४१२ पिक्सेल रुंद निघाली, छापली होती ९ सेमीवर, म्हणजे जेमतेम ११६ डीपीआय. मूळ स्क्रीनशॉट १०८० चा होता, तो पुरला असता. पण हॉल जवळून दिसावा म्हणून कुणीतरी तो क्रॉप करून मोठा केला होता. आम्ही नवीन मॅपची छोटी चिठ्ठी छापली, आणि त्या रात्री त्यांच्या घरची सगळी माणसं बसून ४०० पाकिटांत ती घालत होती. लग्नघरात त्या दिवसांत एक एक तास किती मोलाचा असतो ते मला रोज दिसतं, म्हणून हे एवढं सविस्तर सांगतोय. जवळून हवं असेल तर मॅप ॲपमध्येच झूम करून नवीन काढा, काढलेली इमेज क्रॉप करून ताणू नका.

आणि एक, फोटोशॉपमध्ये ७२ खोडून ३०० लिहिलं म्हणजे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. आकडा बदलतो, पिक्सेल वाढवूनही मिळतात, पण ते आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात, रस्त्याचं नाव त्यातून परत येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एआयने शार्प करणारी ॲप्स तर मॅपसाठी वापरूच नका, अक्षरासारखा दिसणारा आकार ती बनवून देतात आणि नाव चुकीचं छापलं जातं.

४. फॉरमॅट बघा

जेपीजी फोटोसाठी बनलाय. मॅपमध्ये सपाट रंग आणि त्यावर बारीक अक्षरं असतात, तिथे जेपीजी कडेला ठिपके सोडतो, आणि दर वेळी उघडून पुन्हा सेव्ह केला की ते वाढतात. पीएनजी घ्या. जेपीजीचा नंतर पीएनजी करून काही होत नाही, ठिपके तसेच राहतात, पहिल्यापासूनच पीएनजी पाहिजे.

५. झेरॉक्सवर गल्ल्या का गायब होतात

सोसायटीच्या नोटिसा बहुतेक काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर निघतात. स्क्रीनसाठीच्या मॅपमध्ये छोटे रस्ते पांढरे आणि जमीन फिकट राखाडी असते, झेरॉक्स मशीनला तो फरक कळत नाही, दोन्ही पांढरे होतात. आधी फोनवरच इमेज ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तिथे रस्ता दिसला नाही तर कागदावर दिसणारच नाही. उपाय म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवा, किंवा जाण्याचा रस्ता तेवढा काळ्या जाड रेघेने वरून काढा. लाल रेघ काढू नका, झेरॉक्समध्ये ती राखाडी होते.

६. पिक्सेल भरपूर आहेत तरी नावं बारीक

हे जरा हुशार लोकांच्या बाबतीत होतं, ज्यांनी वरचं सगळं बरोबर केलेलं असतं. लॅपटॉपवर मोठ्ठा मॅप काढला, २५०० पिक्सेल रुंद, ए४ वर छापला, एकदम शार्प, पण नाव वाचायला चष्मा लावूनही जमत नाही. कारण असं की स्क्रीनवरच्या मॅपमधली अक्षरं साधारण १० पिक्सेलची असतात, आणि ती इंचाला ९६ पिक्सेल या हिशोबाने डिझाइन केलेली असतात, तिथे १० पिक्सेल म्हणजे अडीच मिलिमीटरच्या वर, आरामात वाचता येतं. तेच १० पिक्सेल ३०० डीपीआयला छापले की ०.८५ मिमी होतात. म्हणजे मॅप चुकला नाही, तो स्क्रीनसाठी बनला होता आणि आपण कागदावर नेला.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, कमी भाग दाखवा आणि नावं स्वतः लिहा. मी पत्रिकेला नेहमी हेच करतो, अख्ख्या ठाण्याचा मॅप कुणाला नको असतो, तीन हात नाक्यावरून किंवा स्टेशनवरून कसं यायचं एवढंच हवं असतं, त्यात पाच-सहा नावं लागतात, ती ८ पॉइंटमध्ये वरून टाइप करायची. ६ पॉइंटच्या खाली जाऊ नका, पत्रिका वाचणाऱ्यांत आजी-आजोबा असतात.

दुसरा, दुप्पट घनतेचा मॅप घ्या. जे लोक प्रोग्रामिंग करतात त्यांना गुगलच्या स्टॅटिक मॅप्स एपीआयमधला (प्रोग्राममधून मॅपची इमेज मागवायची सोय) स्केल २ माहीत असेल. साइझ ६४० बाय ६४० च्या वर जात नाही, पण स्केल २ दिला की तेवढाच भाग १२८० बाय १२८० मध्ये येतो आणि अक्षरंही दुप्पट पिक्सेलची येतात. १२८० भागिले ११८ म्हणजे पावणेअकरा सेंटिमीटर, पत्रिकेला पुरतो, ए४ ला नाही. त्याला एपीआय की (गुगलकडून मिळणारा पासवर्डसारखा कोड) लागते आणि बिलिंग चालू करावं लागतं हे लक्षात ठेवा.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला, व्हेक्टर घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनीच मिळून बनवलेला मॅप) साईटवर उजवीकडे शेअरचं बटण आहे, त्यात इमेज डाउनलोड करायची सोय आहे आणि फॉरमॅटमध्ये एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्ही मिळतात, फुकट. हवा तेवढा चौकोन निवडायचा, स्केल द्यायची, डाउनलोड. व्हेक्टरमध्ये रस्ता हा पिक्सेल नसून रेघ असते, त्यामुळे पत्रिकेवर लावा नाहीतर फ्लेक्सवर ताणा, फाटत नाही. फार मोठा भाग एकदम मागितला तर साईट देत नाही, लहान भाग घ्या. त्यातली नावं अक्षरं म्हणून येत नाहीत, आकार म्हणून येतात, म्हणजे फॉन्ट नसला तरी मोडत नाहीत पण टाइप करून बदलताही येत नाहीत, नको ती डिलीट करून नवीन लिहावी लागतात. कोपऱ्यात "ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स" असं श्रेय छापायचं, ती त्यांच्या लायसन्सची अट आहे. गुगलचा मॅप वापरलात तरी खालचं नाव क्रॉप करून उडवू नका.

ओपनस्ट्रीटमॅपचा अजून एक मोठा फायदा, गल्ली चुकीची दाखवली असेल किंवा तुमच्या बिल्डिंगचं गेट नसेल तर खातं उघडून स्वतः दुरुस्त करता येतं, आणि थोड्या वेळात नवा मॅप दिसायला लागतो. आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच गल्ल्या लोकांनीच अशा भरल्यात. जे खरंच जागेवर आहे तेच भरा, दुसऱ्या मॅपवरून कॉपी करू नका.

७. मोजपट्टीचा घोळ

"१ सेमी = १०० मीटर" असं शब्दांत लिहिलं आणि नंतर इमेज जराशी लहान केली की ते खोटं झालं. म्हणून मॅपवर छोटी रेघ काढून "१०० मी" लिहायचं आणि मॅपसोबत ग्रुप करायची, मॅप लहानमोठा झाला की रेघही होते. आणि वेबवरचे मॅप ज्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत) असतात त्यात विषुववृत्तापासून लांब गेलं की सगळं फुगत जातं, ठाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंशाच्या जरा वर, हे फुगणं ६ टक्क्यांच्या आसपास आहे. पत्रिकेला काहीच फरक पडत नाही. पण कुणी पट्टीने अंतर मोजणार असेल तर पडतो.

८. मराठी मोडतंय

श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आणि युनिकोड मराठी हे एकमेकांत चालत नाहीत. फोनवरून युनिकोडमध्ये पाठवलेलं नाव उचलून जुन्या फॉन्टमध्ये टाकलं की भलतीच चिन्हं येतात. जुन्या कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर) तर युनिकोडची जोडाक्षरंही सुटतात. घरी नीट दिसणारं नाव प्रेसमध्ये मोडतं कारण त्यांच्याकडे तो फॉन्टच नाही. म्हणून फाइल देताना कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या, आणि कर्व्ह करण्याआधीची एक कॉपी स्वतःकडे ठेवा, नंतर फोन नंबर बदलायला लागतोच. क्यूजीआयएस (मॅप बनवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एक्सपोर्ट करताना टेक्स्ट पाथ म्हणून जाऊ द्या. त्यातच ३०० डीपीआयला एक्सपोर्ट केल्यावर नावं बारीक होण्याचा तोच सहाव्या नंबरचा प्रकार होतो, कारण डीपीआय वाढवला की ते आपोआप जास्त झूमचे तुकडे मागवतं. लेअरच्या कनेक्शनमध्ये मॅक्स झूम कमी करून बघा.

मल्टिकलर ऑफसेटला जाणार असेल तर छोटी काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. स्क्रीनवरचा काळा तसाच गेला तर तो चार शाया मिळून होतो, आणि एखादी प्लेट केसभर जरी हलली तरी अक्षराला रंगीत सावली येते.

९. फक्त फोनवर पाठवायचा असेल तर

कागदासाठीचा मॅपच ग्रुपवर टाकू नका. फोनसाठी उभा करा, १०८० बाय १३५० वगैरे, नावं चार-पाचच पण मोठी. इमेजवर बोट लावून रस्ता सुरू होत नाही, म्हणून खाली मेसेजमध्ये लोकेशनची लिंक आणि एक ओळ पत्ता टाइप करून द्या. छापील पत्रिकेवर क्यूआर देत असाल तर निदान २ सेमीचा, चारही बाजूंनी पांढरी जागा सोडून, पांढऱ्यावर काळा. सोनेरी कागदावर सोनेरी क्यूआर मी कुणालाच छापून देत नाही, कितीही आग्रह केला तरी, कारण तो स्कॅन होत नाही आणि ऐनवेळी माणूस रस्त्यात उभा राहतो.

१०. निळा चौकोन

हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. ठाणे साधारण १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व. गुगल आधी अक्षांश घेतं, मॅपबॉक्स आणि जिओजेसनमध्ये आधी रेखांश असतो. उलटे टाकलेत तर ७२.९७ उत्तर, १९.२ पूर्व होतं, तो नॉर्वेच्या वरचा समुद्र, म्हणून सगळं निळं. एरर येत नाही, कारण मागितलेली जागा खरी आहे. दोन आकडे अदलाबदल करा.

कुठे थांबायचं

सगळं करूनही ए४ चं प्रूफ दोनदा काढलं आणि मराठी मोडतंच आहे, तर तिसरं काढू नका, रोज कोरलवर बसणाऱ्या माणसाला द्या, त्याचं काम अर्ध्या तासाचं असतं. हजारांत कॉपी निघणार असतील तर प्रेसकडून छापील प्रूफ मागा, स्क्रीनवर बघून ओके देऊ नका.

जमिनीची हद्द, सातबारा, प्लॉटची बाजू, शेजाऱ्याशी भिंतीचा वाद, यातलं काहीही असेल तर वरच्या कुठल्याही मॅपचा प्रिंट वापरू नका. आमच्याकडे लोक सॅटेलाइट मॅपवर लाल रेघ ओढून मागतात, मी नाही म्हणतो. त्याला भूमी अभिलेखची मोजणी लागते. बिल्डिंगच्या आगीच्या वेळचा बाहेर पडण्याचा नकाशा पण स्वतः काढू नका, फायर सेफ्टीची लायसन्स्ड एजन्सी बोलवा, चुकीचा बाण दाखवला तर माणूस अंधारात बंद जिन्यापाशी जाऊन अडकतो.

आणि अख्ख्या भारताचा नकाशा छापायचा असेल, मंडळाच्या देखाव्याला किंवा शाळेच्या कार्यक्रमाला, तर नेटवरून उचलू नका. बाहेरच्या साईट्सवर काश्मीर, अरुणाचल तुटक रेघांनी दाखवलेलं असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सर्वेक्षण विभागाचाच नकाशा घ्या, आणि फ्लेक्सवाल्याने तो कापून किंवा वरचा भाग पट्टीखाली झाकून लावला नाही ना ते छापण्याआधी स्वतः उभं राहून बघा.